देवाने ओळखलेली दासी : संत जोसेफिन बखिता

बाप्तिस्म्याच्या विधीत धर्मगुरू चर्चच्या दाराशी उभे राहून आईवडिलांना पहिला प्रश्न विचारतात तो बाळाच्या नावाचा. सारा विधी त्यानंतर सुरू होतो. धर्मग्रामाच्या कार्यालयात बसणाऱ्या प्रत्येक धर्मगुरूला या नावाचे महत्त्व अनुभवाने ठाऊक असते, कारण रजिस्टरमधील नाव आणि रेशनकार्डावरील नाव जुळत नाही म्हणून दाखल्यासाठी खेटे घालणारे लोक वर्षभर येत असतात. एका अक्षराचा फरक असला तरी माणूस बेचैन होतो. ज्या स्त्रीला आईने ठेवलेले आपले नाव एक अक्षरही आठवत नव्हते, तिच्याविषयी आज लिहायचे आहे.

८ फेब्रुवारी रोजी ख्रिस्तसभा संत जोसेफिन बखिता हिचा सण साजरा करते. संत अंतोनी किंवा संत फ्रान्सिस झेवियर यांच्याइतके हे नाव आपल्या घराघरांत पोहोचलेले नाही. तथापि मुंबईत माहीम, अंधेरी येथील कॅनोसा धर्मभगिनींच्या शाळांत शिकलेल्या आपल्या भगिनींना ते निश्चितच परिचित असेल, कारण बखिता त्याच संस्थेची धर्मभगिनी होती.

सुदानच्या पश्चिमेस दारफुर नावाचा प्रांत आहे. तेथील ओल्गोसा या खेड्यात सुमारे १८६९ साली दाजू जमातीच्या एका सुखवस्तू कुटुंबात तिचा जन्म झाला. तिच्या वडिलांचा भाऊ गावचा प्रमुख होता. घरी शेती होती, गुरेढोरे होती, भावंडे होती. ख्रिस्ती धर्माचा वाराही त्या गावाला लागलेला नव्हता. पुढे अनेक वर्षांनी तिने सांगितले, की लहानपणी सूर्य, चंद्र आणि तारे पाहताना या सगळ्यांचा धनी कोण असेल असा विचार तिच्या मनात येई, आणि त्याला पाहावे, त्याला वंदन करावे अशी ओढ तिला लागे. धर्मशिक्षणाचा एकही धडा न मिळालेल्या मुलीच्या मनात आलेला हा विचार वाचकांनी लक्षात ठेवावा. तिच्या जीवनकथेत तो पुन्हा भेटणार आहे.

त्या काळी गुलाम पकडणाऱ्यांच्या टोळ्या दारफुरच्या खेड्यांतून फिरत. प्रथम त्यांनी तिच्या थोरल्या बहिणीला पळवले. त्या दिवशीचा आईचा आक्रोश बखिताला आयुष्यभर आठवत राहिला. पुढे सुमारे १८७७ साली, ती सात-आठ वर्षांची असताना, एका मैत्रिणीबरोबर शेताकडे गेली होती. तेथे दोन अनोळखी माणसे आली. त्यांनी मैत्रिणीला दूर पाठवले आणि हिला झाडीतून एक गाठोडे आणून देण्यास सांगितले. मोठ्यांचे ऐकण्याची सवय असलेली मुलगी झाडीत गेली. तेथे त्यांनी तिला पकडले आणि सुरा व बंदूक दाखवून गप्प केले. पुढे वाटेत त्यांनी तिला तिचे नाव विचारले. भीतीने तिची वाचा बसली होती. ती काहीच बोलली नाही. तेव्हा त्यांनीच तिला एक नाव देऊन टाकले: बखिता. अरबी भाषेत त्याचा अर्थ भाग्यवान असा होतो. ते नाव ठेवताना त्यांच्या मनात थट्टा होती की बाजारात चांगला भाव यावा हा हेतू होता, हे सांगता येत नाही. भीतीच्या त्या धक्क्यात तिचे खरे नाव मात्र तिच्या स्मरणातून पुसले गेले ते कायमचेच.

त्यानंतरच्या काही वर्षांत ती अनेकदा विकली गेली. अनवाणी पायांनी शेकडो किलोमीटर चालवून तिला एल ओबेद या शहरी नेण्यात आले. वाटेत एकदा ती दुसऱ्या एका मुलीसह रात्री निसटली. दोघी अंधारात रानातून धावत राहिल्या. जंगली श्वापदाच्या भीतीने त्या झाडावर चढून बसल्या. शेवटी एका माणसाने आसरा देतो असे सांगून त्यांना घरी नेले आणि मेंढवाड्यात मेंढरांमध्ये साखळीने बांधून ठेवले. काही दिवसांनी त्याने तेथून जाणाऱ्या व्यापाऱ्याला त्यांना विकून टाकले. उत्तम मेंढपाळाच्या दाखल्यावर मी अनेकदा प्रवचने केली आहेत, परंतु मेंढवाड्याचा उल्लेख आला की अलीकडे मला या दोन मुलींची आठवण होते. आपल्याला नावाने हाक मारणारा कोणी मेंढपाळ आहे, हे त्या रात्री त्यांना कोण सांगणार होते?

एल ओबेदमध्ये एका श्रीमंत घरी ती मालकाच्या मुलींची दासी झाली. तेथे तिला बरे वागवले जात असे. पण एके दिवशी तिच्या हातून मालकाच्या मुलाचे एक भांडे फुटले. त्याने तिला इतके मारले, की महिनाभर तिला गवताच्या अंथरुणावरून उठता आले नाही. पुढे ती एका तुर्की सेनाधिकाऱ्याच्या घरी विकली गेली. त्याच्या पत्नीची आणि सासूची सेवा हे तिचे काम होते. चाबकाचा मार रोजचाच होता. एक जखम भरून येण्याआधी दुसरी होई. त्याच घरात तिच्या अंगावर गोंदण करण्यात आले. आपल्याकडे जत्रेत हातावर नाव गोंदवून घेतात तसा हा प्रकार नव्हता. पांढऱ्या पिठाने अंगावर नक्षी काढायची, त्या रेषांवरून धारदार पात्याने कापत जायचे आणि जखमा बुजू नयेत म्हणून त्यांत मीठ भरायचे. तिच्या छातीवर, पोटावर आणि उजव्या हातावर मिळून ११४ जखमा करण्यात आल्या. तेव्हा ती अवघी बारा-तेरा वर्षांची असेल. त्या वेदनेतून आपण जिवंत कसे राहिलो याचे उत्तर तिला त्या वेळी सापडले नव्हते. पुढे धर्मभगिनी झाल्यावर ती म्हणे, की देवाने आपल्याला काही अधिक चांगल्या गोष्टींसाठी राखून ठेवले होते.

१८८३ साली खार्टूम येथे कॅलिस्तो लेन्यानी या इटालियन उपवकिलाने तिला विकत घेतले. त्याच्या घरात चाबूक नव्हता. तिला अंगभर कपडे मिळाले, माणसासारखी वागणूक मिळाली. इकडे सुदानमध्ये महदीचे बंड पसरत होते आणि परदेशी लोक देश सोडून चालले होते. लेन्यानी इटलीला निघाला तेव्हा तिने आपल्यालाही न्यावे म्हणून त्याला विनवले. उंटांवरून तांबड्या समुद्राकाठच्या सुआकिन बंदरापर्यंत आणि तेथून जहाजाने जिनोआपर्यंत, असा प्रवास करून १८८५ साली ती युरोपात पोहोचली.

लेन्यानी चांगला माणूस होता. तरीही जिनोआला उतरल्यावर त्याने तिला आपल्या मित्राच्या, आउगुस्तो मिकिएली यांच्या पत्नीला देऊन टाकले. त्या बाईंना एक आफ्रिकन दासी हवी होती. माणूस भेट म्हणून देण्यात काही वावगे आहे असे त्या दोघांपैकी कोणालाही वाटले नाही, आणि दोघेही बाप्तिस्मा घेतलेले ख्रिस्ती होते. हे लिहिताना मला संकोच वाटतो, पण ते वगळून या संतेचे चरित्र सांगता येणार नाही.

मिकिएली कुटुंब व्हेनिसजवळ झियानिगो येथे राहत असे. १८८६ साली त्यांच्या घरी मुलगी जन्मली. तिला सारे लाडाने मिम्मिना म्हणत. बखिता तिची आया झाली. त्या बाळाने तिला जीव लावला आणि तिनेही त्या बाळाला. कुटुंबाच्या मालमत्तेचा कारभार इल्लुमिनातो केक्किनी नावाचे एक सद्गृहस्थ पाहत. ते श्रद्धावान होते. त्यांनी बखिताला चांदीचा एक लहान क्रूस दिला. क्रुसावरचा हा माणूस कोण, हे तिला ठाऊक नव्हते. मालकीण काढून घेईल या भीतीने ती तो लपवून ठेवी आणि एकटी असताना काढून पाहत बसे. पाहताना आपल्याला काय वाटते याचा उलगडा तिला होत नसे. एवढेच कळे, की हा कोणी मार खाल्लेला माणूस आहे.

मिकिएली यांनी सुआकिन येथे हॉटेल घेतले होते. १८८८ साली मिकिएलीबाई पुन्हा तिकडे निघाल्या, तेव्हा मुलीला आणि आयेला कोठे ठेवायचे हा प्रश्न आला. केक्किनी यांच्या सल्ल्याने दोघींना व्हेनिस येथील कॅनोसा धर्मभगिनींच्या स्वाधीन करण्यात आले. संत माग्दालेना ऑफ कॅनोसा हिने १८०८ साली व्हेरोना येथे स्थापन केलेली ही संस्था. व्हेनिसच्या मठात बाप्तिस्म्याची तयारी करणाऱ्यांसाठी स्वतंत्र घर होते आणि तेथे सिस्टर मारिएत्ता फाब्रेत्ती यांच्याकडे बखिताचे धर्मशिक्षण सुरू झाले.

येथे तिला कळले, की लहानपणी ओल्गोसाच्या आकाशाखाली ज्या धन्याविषयी तिला कुतूहल वाटले होते, तो खरोखरच आहे. सूर्य, चंद्र, तारे त्याचेच आहेत. इतकेच नव्हे, तर तिला आपल्या नावाची ओळख नव्हती तेव्हाही तो तिला ओळखत होता. क्रुसावरचा मार खाल्लेला माणूस हा त्याचाच पुत्र होता. व्हेनिसच्या बोलीत मालकाला परोन म्हणतात. आतापर्यंतचे तिचे सारे धनी परोनच होते. बखिताने तोच शब्द देवासाठी वापरायला सुरुवात केली आणि मरेपर्यंत तोच वापरला. ज्या शब्दाने चाबकाची आठवण यावी तो शब्द तिने टाकून दिला नाही. या धन्याने स्वतःच चाबकाचे फटके सोसले होते, ही गोष्ट तिला कोणी फार समजावून सांगावी लागली नाही. पोप बेनेडिक्ट सोळावे यांनी २००७ साली आशेविषयी लिहिलेल्या परिपत्रकाच्या प्रारंभीच तिची ही कथा सांगितली आहे. विद्वान म्हणून ख्याती असलेल्या पोप महोदयांना आशेचा अर्थ समजावण्यासाठी एका दासीचे उदाहरण घ्यावेसे वाटले, यावरून तिची थोरवी ध्यानात यावी.

साधारण वर्षभराने मिकिएलीबाई परतल्या. आता मुलीला आणि आयेला घेऊन कायमचे सुआकिनला जायचे असे ठरले होते. बखिताने जाण्यास नकार दिला.

आयुष्यात तिने प्रथमच कोणाला नाही म्हटले होते. हा नकार सोपा नव्हता, हे आपण नीट पाहिले पाहिजे. मिकिएलीबाई काही तुर्की सेनाधिकाऱ्याच्या घरातल्या बायकांसारख्या नव्हत्या. त्यांनी बखिताला सांभाळले होते, बाळ विश्वासाने तिच्या हाती दिले होते. त्या रागावल्या, त्यांनी तिला कृतघ्न ठरवले, विनवण्या केल्या. बाईंचे दुःख पाहून बखितालाही वाईट वाटत होते. शिवाय तीन वर्षांची मिम्मिना तिला सोडायला तयार नव्हती. ओल्गोसा सुटल्यापासून जिच्यावर बखिताने मनापासून माया केली अशी एवढी एकच व्यक्ती जगात होती. एका बाजूला हे मूल आणि दुसऱ्या बाजूला ज्याला तिने अद्याप पाहिलेही नव्हते तो देव. सुआकिनला गेलो तर आपल्याला देवाला मुकावे लागेल, एवढेच ती सांगत राहिली. बाप्तिस्मा अजून झाला नव्हता. तो झाल्याशिवाय ती त्या घरातून हलणार नव्हती.

प्रकरण वाढले. मठाच्या सुपिरियरने व्हेनिसचे पेट्रिआर्क कार्डिनल दोमेनिको आगोस्तिनी यांना कळवले आणि त्यांनी सरकारी वकिलांना. २९ नोव्हेंबर १८८९ रोजी निर्णय झाला. इटलीच्या कायद्याला गुलामगिरी मान्य नव्हती आणि सुदानातही ती कागदोपत्री आधीच बेकायदा ठरली होती. त्यामुळे कायद्याच्या दृष्टीने बखिता कधीच कोणाची गुलाम नव्हती. बारा वर्षे साखळ्या, चाबूक आणि बाजार यांतून गेलेल्या मुलीला हा निकाल ऐकून काय वाटले असेल, याची कल्पनाच करावी. त्या दिवशी ती स्वतंत्र झाली आणि त्याच दिवशी मिम्मिनाला रडत आईबरोबर जाताना तिने पाहिले. स्वतःही रडली. परंतु मागे फिरली नाही.

९ जानेवारी १८९० रोजी कार्डिनल आगोस्तिनी यांनी तिला बाप्तिस्मा दिला. दृढीकरण आणि पहिला परमप्रसादही तिला त्याच दिवशी मिळाला. नावाच्या प्रश्नाला आता तिच्यापाशी उत्तर होते: जोसेफिन मार्गारेट, आणि त्यासोबत फोर्तुनाता. हे तिसरे नाव म्हणजे बखिता या अरबी नावाचेच रूपांतर. चोरांनी दिलेले नाव ख्रिस्तसभेने फेकून दिले नाही, त्याला बाप्तिस्म्याच्या पाण्यातून काढले. पुढे ती त्या बाप्तिस्माकुंडाजवळून जाई तेव्हा थांबून त्याचे चुंबन घेत असे. आपण येथे देवाची लेक झालो, असे ती सांगे.

देवाचे पाचारण येथेच संपले नाही. ज्या धर्मभगिनींनी आपल्याला धन्याची ओळख करून दिली त्यांच्यातच राहून त्याची सेवा करावी, असे तिला वाटू लागले. पण तिने ते लगेच कोणाला सांगितले नाही. काळ्या वर्णाच्या, अक्षरओळख जेमतेम असलेल्या, कालपर्यंत दासी असलेल्या बाईने असे मागणे मागावे का, याचा तिला संकोच वाटत होता. अखेर तिने मन उघड केले, तेव्हा सुपिरियरने आनंदाने संमती दिली. ७ डिसेंबर १८९३ रोजी तिने नोव्हिशिएटमध्ये प्रवेश केला आणि ८ डिसेंबर १८९६ रोजी, निष्कलंक मरियेच्या सणादिवशी, व्हेरोना येथे व्रतग्रहण केले.

१९०२ साली सिस्टर बखिता यांना व्हिचेंझाजवळच्या स्किओ या गावातील मठात पाठवण्यात आले. मधली काही वर्षे वगळता उरलेले सारे आयुष्य त्यांनी तेथेच काढले. त्यांनी स्वयंपाक केला, शिवणकाम आणि भरतकाम केले, चर्चची वस्त्रे आणि वेदी सांभाळली. नंतर त्यांच्याकडे मठाच्या दाराचे काम आले. शाळेत येणाऱ्या मुलांच्या डोक्यावर त्या हात ठेवीत. त्यांच्या बोलण्यातील लय आणि मृदू आवाज गावकऱ्यांच्या ओळखीचा झाला. लोक त्यांना प्रेमाने आपली सावळी आई म्हणू लागले. पहिल्या महायुद्धात मठाचा काही भाग लष्करी इस्पितळ झाला, तेव्हा जखमी सैनिकांची सेवाही त्यांनी केली. याखेरीज सांगण्यासारखे मोठे कार्य नाही. त्यांनी संस्था काढली नाही, ग्रंथ लिहिला नाही. पाचारण म्हटले की आपल्या तरुणांना काहीतरी भव्य अपेक्षित असते. येथे चाळीसहून अधिक वर्षे चूल, सुई आणि दाराची कडी एवढेच आहे.

वरिष्ठांच्या सांगण्यावरून १९१० साली त्यांनी आपली जीवनकथा एका धर्मभगिनीला सांगितली आणि तिने ती लिहून घेतली. पुढे १९३१ साली इदा झानोलिनी यांनी लिहिलेले त्यांचे चरित्र प्रसिद्ध झाले आणि स्किओची द्वारपालिका साऱ्या इटलीला माहीत झाली. मग मिशनकार्यासाठी त्यांना गावोगाव नेण्यात येऊ लागले. व्यासपीठावर त्या थोडेच बोलत. सभागृहे भरत. अनेकजण कथा ऐकण्यापेक्षा त्यांना पाहायलाच येतात हे त्यांच्या लक्षात येई आणि त्यांना ते जड जाई. वरिष्ठांची आज्ञा म्हणून त्या जात राहिल्या.

त्यांच्या एका उद्गाराविषयी येथे लिहिणे आवश्यक आहे. आपल्याला पळवणारे आणि छळणारे लोक भेटले, तर आपण गुडघे टेकून त्यांच्या हातांचे चुंबन घेऊ, कारण ते घडले नसते तर आपण ख्रिस्ती आणि धर्मभगिनी झालो नसतो, असे त्या म्हणाल्या होत्या. हा उद्गार अनेक प्रवचनांत येतो आणि कधी कधी तो अशा रीतीने सांगितला जातो, की जणू गुलामगिरी ही देवाचीच योजना होती. ते बरोबर नाही. गुलामगिरी हे पाप होते आणि आहे. क्षमा करण्याचा अधिकार ज्याने सोसले त्याचा असतो. बखिता यांनी तो वापरला. आपण त्यांच्या वतीने कोणाला निर्दोष ठरवू नये, आणि आज घरकामाच्या किंवा नोकरीच्या आमिषाने विकल्या जाणाऱ्या मुलींना तर हे वाक्य ऐकवूच नये.

शेवटची वर्षे आजारपणात गेली. त्या चाकांच्या खुर्चीला खिळल्या. कोणी विचारपूस केली तर धन्याची जशी इच्छा, असे त्यांचे उत्तर असे. मरणाविषयी त्या एक चित्र रंगवून सांगत: आपण दोन पेट्या घेऊन हळूहळू अनंतकाळाकडे चाललो आहोत, एकीत आपली पापे आहेत आणि दुसरीत, जी फार जड आहे, प्रभू येशूचे पुण्य आहे. १९४७ सालच्या फेब्रुवारीत त्यांची प्रकृती ढासळली. तापाच्या ग्लानीत त्या पुन्हा बालपणीच्या वाटेवर गेल्या. साखळ्या फार जड आहेत, जरा सैल करा, अशी विनवणी त्या सेवा करणाऱ्या भगिनीला करू लागल्या. सत्तर वर्षांनंतरही त्या साखळ्या देहाच्या स्मरणात होत्या. ८ फेब्रुवारी रोजी, पवित्र मरियेचे नाव घेत, स्किओच्या मठात त्यांनी प्राण सोडला. अंत्यदर्शनासाठी सारे गाव लोटले.

१७ मे १९९२ रोजी पोप जॉन पॉल दुसरे यांनी त्यांना धन्य घोषित केले. पुढच्याच वर्षी फेब्रुवारीत पोप महोदय खार्टूमला गेले आणि ज्या शहरात त्यांची खरेदी-विक्री झाली होती, तेथेच त्यांचा गौरव केला. १ ऑक्टोबर २००० रोजी रोम येथे त्यांना संतपद बहाल करण्यात आले. २०१५ सालापासून मानवी तस्करीला बळी पडलेल्यांसाठी प्रार्थना करण्याचा दिवस म्हणून जगभरची ख्रिस्तसभा त्यांचाच सण पाळते. त्या दिवशीच्या मिस्सेत त्यांना बखिता याच नावाने हाक मारली जाते. त्यांच्या आईने ठेवलेले नाव त्यांना अखेरपर्यंत आठवले नाही.